मालिकेचे एककथात्व : गिरगावच्या चाळीच्या संदर्भात एक विचार

१

दूरचित्रवाणीवरील मालिकेचे परस्परसंबद्ध भाग मिळून एक कथा मानावी, की जितके भाग तितक्या स्वतंत्र कथा मानाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता नुसत्या गणनेचा वाटतो. वस्तुतः तो मूल्यमापनाचा प्रश्न आहे. ज्या कृतीचे गुणदोष सांगावयाचे, तिच्या सीमा प्रथम निश्चित व्हाव्या लागतात. एखाद्या भागाचा शेवट अपुरा आहे असा आक्षेप घेताना तो भाग म्हणजे स्वयंपूर्ण कथा होय, हे गृहीत धरलेले असते. तोच भाग एका दीर्घ कथेचे प्रकरण ठरला, तर तो अपुरेपणा दोष राहत नाही. कदाचित तोच त्याचा गुण ठरतो. उलटपक्षी, एकाच प्रकारचा विनोदी प्रसंग दहा भागांत पुनःपुन्हा आढळला, तर दीर्घ कथेच्या दृष्टीने ती शिथिलता होय. स्वतंत्र कथांच्या दृष्टीने ती लेखकाची एक लकब एवढेच म्हणता येईल. सारांश, एक की अनेक हे ठरल्याखेरीज चांगले की वाईट हे ठरत नाही.

पदव्युत्तर अभ्यासकाने मालिका हा प्रबंधाचा विषय घेतला, म्हणजे ही अडचण पहिल्याच पानावर उभी राहते. शंभर भागांपैकी पाच भाग निवडून केलेले विवेचन हे पाच कृतींचे पुरे विवेचन ठरते, की एकाच ग्रंथाची पाच पाने फाडून केलेले परीक्षण ठरते? जुन्या मालिकेचा एखादाच भाग हाती लागला, तर हाती आले ते एक संपूर्ण कथा म्हणून वाचावयाचे, की हरवलेल्या कृतीचा तुकडा म्हणून? या प्रश्नांना मालिकागणिक निरनिराळे उत्तर द्यावे लागेल, हे उघड आहे. परंतु ते उत्तर कोणत्या कसोटीवर द्यावयाचे, ती कसोटी तरी एक असली पाहिजे.

२

रूढ कसोट्या तीन आहेत. त्यांपैकी पहिली पात्रांच्या एकत्वाची. भागाभागांतून तीच माणसे येतात, म्हणून कथा एक, असे सामान्यतः मानले जाते. ही कसोटी फार जुनी आहे आणि तिचे खंडनही तितकेच जुने आहे. नायक एक असला म्हणजे कथानक एक होते असे नव्हे, असे ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात स्पष्ट म्हटले आहे. हेराक्लीझच्या साऱ्या पराक्रमांची एकत्र मोट बांधणारे कवी या गैरसमजाला बळी पडले, असा त्याचा आक्षेप आहे. एका माणसाच्या आयुष्यात असंख्य गोष्टी घडतात; त्या सर्वांचे मिळून एक कथानक होत नाही.

मराठीत याचे उत्तम उदाहरण चिंतामण विनायक जोशी यांच्या चिमणरावांचे आहे. चि. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीभोवती कितीतरी विनोदी कथा लिहिल्या. ग्रंथरूपात त्या सुट्या कथा आहेत. १९४० साली मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात ही जोडी विवाह जुळविण्याच्या खटाटोपाभोवती गुंफलेल्या एका कथानकात आली. पुढे १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर हीच जोडी मालिकेच्या रूपाने अवतरली. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या चांगलेच स्मरणात राहिले. पात्रे तीच, लेखक तोच, विनोदाची जात तीच. तरीही ग्रंथात अनेक कथा, चित्रपटात एक कथा, आणि दूरचित्रवाणीवर पुन्हा भागागणिक प्रायः स्वतंत्र प्रसंग. पात्रांच्या एकत्वावरून कथेचे एकत्व ठरत असते, तर हा फरक पडलाच नसता.

दुसरी कसोटी प्रकाशनाची. जे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तुकड्यांत लोकांसमोर आले ते अनेक, आणि जे एका बांधणीत आले ते एक, असा हा विचार आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकाला ती आठवड्याआठवड्याने मिळाली. म्हणून ती अनेक कथांचा संग्रह आहे असे कोणी म्हटले नाही. उलट, एका पुठ्ठ्यात बांधलेला कथासंग्रह पुठ्ठ्यामुळे कादंबरी होत नाही. साप्ताहिकाचा अंक, ग्रंथाचा पुठ्ठा आणि प्रक्षेपणाचा अर्धा तास या तिन्ही बाह्य मर्यादा आहेत. त्या कृतीला बाहेरून माप देतात. तिचा अंतर्गत घाट सांगत नाहीत.

तिसरी कसोटी सातत्याची. मागील भागात जे घडले त्याचा परिणाम पुढील भागात दिसतो काय, हे पाहून निर्णय द्यावा, असे तिचे म्हणणे आहे. चिमणरावांची कालची फजिती आज कोणाच्या ध्यानीमनी नसते. म्हणून कथा अनेक. कौटुंबिक मालिकेतील कालचे भांडण आज चालूच असते. म्हणून कथा एक. ही कसोटी पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळ अधिक विचारी आहे. परंतु तीही दोन ठिकाणी अडते. एक तर, केवळ एकामागून एक घटना जोडत जाणे म्हणजे एक कथा रचणे नव्हे. दुसरे, ज्यांत पुढील भागाला मागील भागाची मुळीच गरज नाही, अशा काही कृती वाचून संपल्यावर एकच कृती वाचल्याचा अनुभव देतात. या दोन्ही अडचणींचा उलगडा करावयाचा, तर एकत्व म्हणजे काय याचाच अधिक सूक्ष्म विचार करावा लागतो.

३

असा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. मात्र तो साहित्यशास्त्रात नसून पूर्वमीमांसेत आहे. गिरगावातील आंग्रेवाडीत राहून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा पाच खंडांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात सिद्ध केला. त्याच्या अखेरच्या खंडात पूर्वमीमांसेच्या अर्थनिर्णयाच्या नियमांचे विस्तृत विवेचन आहे. काणे १९७२ साली निवर्तले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. मीमांसकांचे नियम दूरचित्रवाणीच्या मालिकेला लावून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर येण्याचे कारण नव्हते. पण ते नियम येथे विलक्षण उपयोगी पडतात.

मीमांसकांपुढील मूळ प्रश्न यजुर्मंत्रांचा होता. ऋचा पद्यबद्ध असल्याने एक ऋचा कोठे संपते हे पादांवरून कळते. यजुस् गद्य आहे. सलग पठणात एक यजुस् कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे कसे ठरवावे? जैमिनीने यासाठी दोन अटी सांगितल्या. पहिली, त्या शब्दसमूहाचे प्रयोजन एक असले पाहिजे. दुसरी, तो समूह तोडला असता तुटलेले तुकडे साकांक्ष राहिले पाहिजेत, म्हणजे एका तुकड्याला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्याची अपेक्षा उरली पाहिजे. या दोन्ही अटी पुऱ्या होतील तेथे वाक्य एक. जेथे तुकडे परस्परनिरपेक्ष असतील, तेथे वाक्ये वेगळी.

या विचाराला आणखी दोन जोड आहेत. एक अनुषंगाची. काही ठिकाणी एखादा शब्दसमूह एकदाच उच्चारलेला असतो, पण तो पुढील प्रत्येक वाक्याशी सारखाच जोडून घ्यावयाचा असतो. तसे केल्याने ती वाक्ये एक होत नाहीत. एका सामायिक अंशाचा लाभ अनेक वाक्यांना मिळतो, एवढेच. दुसरी जोड कुमारिलभट्टाने स्पष्ट केलेली आहे. आपापल्या अर्थाच्या दृष्टीने पूर्ण झालेली वाक्येदेखील अंगांगिभावामुळे, म्हणजे एक मुख्य व इतर त्याला साहाय्यक अशा नात्यामुळे, पुन्हा एकत्र येऊन एक महावाक्य होऊ शकतात. शब्द मिळून वाक्य होणे निराळे. पूर्ण वाक्ये मिळून महावाक्य होणे निराळे. पहिल्यात घटक अपुरे असतात. दुसऱ्यात घटक पुरे असूनही एका मोठ्या प्रयोजनाचे अवयव बनतात.

मालिकेच्या प्रश्नाचा बहुतेक गोंधळ या चार गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे होतो: प्रयोजनाचे एकत्व, साकांक्षता, अनुषंग आणि पूर्ण घटकांची एकवाक्यता.

४

प्रथम अनुषंग. चिमणराव भित्रे आणि गुंड्याभाऊ धाडसी, हे प्रेक्षकाला एकदा कळले, की ते प्रत्येक भागात नव्याने सांगावे लागत नाही. आरंभीच्या भागांत घडलेली ओळख पुढील सर्व भागांना सारखीच जोडून घेतली जाते. म्हणूनच दहावा भाग पाहणाऱ्याला पहिल्या नऊ भागांची ओळख उपकारक ठरते; परंतु ती अनिवार्य नसते. येथे एकत्वाचा जो भास होतो तो अनुषंगाचा आहे. कथा अनेकच आहेत. त्यांचा सामायिक अंश मात्र एक आहे. हा निर्णय मालिकेला कमीपणा आणणारा नव्हे. चि. वि. जोशींच्या कथा सुट्या आहेत म्हणून त्या उण्या ठरत नाहीत. त्यांची परीक्षा सुट्या कथा म्हणूनच केली पाहिजे, एवढाच या निर्णयाचा अर्थ.

साकांक्षतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आकांक्षा कोणाची, याविषयी प्राचीनांतही ऊहापोह झालेला आहे. शब्दाचा अर्थ पुरा न होणे ही एक आकांक्षा. ऐकणाऱ्याच्या मनातील जिज्ञासा ही दुसरी. सामान्य वाक्यात या दोन्ही बहुधा एकत्रच असतात. दैनंदिन मालिकेत मात्र त्यांची फारकत होते. भागाच्या अखेरीस दार वाजते, कोणाचा तरी चेहरा आश्चर्यचकित होतो, आणि प्रक्षेपण थांबते. प्रेक्षकाच्या मनात जिज्ञासा निर्माण झाली, हे खरे. पण कथेचा अर्थ अपुरा राहिला काय? याची परीक्षा सोपी आहे. पुढील भाग पाहिल्यावर मागील भागाचा अर्थ बदलतो, की फक्त दारात कोण होते हे कळते, हे पाहावे. अर्थ बदलत असेल, तर ती खरी साकांक्षता. केवळ माहितीची भर पडत असेल, तर ती जिज्ञासा. आणि जिज्ञासा कोठेही तोडून निर्माण करता येते.

ई टीव्ही मराठी वाहिनीवर २००१ ते २०१३ या काळात चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगविलेली आशा देशमुख आणि कविता लाड यांनी रंगविलेली अनुराधा यांच्या घराची ही हकीकत अकरा वर्षांहून अधिक काळ लोकांनी आपलेपणाने पाहिली. तिचे सातत्य निर्विवाद आहे. परंतु इतक्या दीर्घ काळ चालणाऱ्या कोणत्याही दैनंदिन मालिकेविषयी एक प्रश्न विचारला पाहिजे: हिच्या सर्व भागांचे मिळून प्रयोजन एक आहे काय? एक संकट निवारले की दुसरे येते, दुसरे निवारले की तिसरे. प्रत्येक संकट मागील संकटाच्या शेपटाला बांधलेले असते, पण पहिल्याला तिसऱ्याची गरज नसते. संभाव्यता किंवा अपरिहार्यता यांवाचून एकामागून एक प्रसंग येणारे कथानक ॲरिस्टॉटलने सर्वांत निकृष्ट मानले, ते याच कारणाने. मीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर येथे जिज्ञासा अखंड आहे, प्रयोजन खंडित आहे. अशी मालिका एक कथा नव्हे. ती अनेक कथाही नव्हे. कारण तिचा कोणताही भाग सुटा काढला तर तो उभा राहत नाही. तिच्यात काही महिन्यांच्या अंतराने पुऱ्या होणाऱ्या उपकथा मात्र असतात, आणि समीक्षेचा घटक मानावयाचा तर त्या उपकथांना मानले पाहिजे. रोजचा भाग त्याहून फार लहान पडतो, तर सारी मालिका फार मोठी.

जिज्ञासा आणि आकांक्षा यांतील भेद रामायणाच्या उदाहरणावरूनही ध्यानात येतो. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका १९८७–८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रक्षेपित झाली आणि रामाच्या राज्याभिषेकापाशी संपली. प्रेक्षकांची जिज्ञासा संपली नाही. उत्तरकांडाचा भाग पुढे स्वतंत्र मालिका म्हणून आला. वनवासाने आरंभलेली कथा राज्याभिषेकाने पुरी होते. तिला अर्थपूर्तीसाठी सीतात्यागाची अपेक्षा नाही. सीतात्याग कळल्यावर राज्याभिषेकाचा आनंद तसाच राहत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून उत्तरकांड मूळ काव्याचे अंग की नंतरची जोड, हा वाद वाल्मीकीच्या अभ्यासकांत चालत आला आहे. दूरचित्रवाणीने हा प्रश्न नव्याने निर्माण केला नाही. जुनाच प्रश्न नव्या माध्यमात येऊन उभा राहिला.

५

आता ज्या उदाहरणासाठी हा सारा प्रपंच करावयाचा, ते उदाहरण. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली गिरगावातील खटाववाडीच्या मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले. गिरगावालगतच्या गावदेवी भागात १९१९ साली जन्मलेल्या पु. लं.नी या पुस्तकात चाळ नावाच्या संस्थेला जे रूप दिले, ते मराठी वाचकाच्या मनात गिरगावाशी कायमचे निगडित झाले. हे पुस्तक दूरचित्रवाणीची मालिका नव्हे. पण परस्परसंबद्ध भागांची ती एक मालिकाच आहे, आणि मालिकेच्या प्रश्नाची अवघड बाजू येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

सातत्याची कसोटी लावली तर ‘बटाट्याची चाळ’ हा निःसंशय सुट्या लेखांचा संग्रह ठरतो. ‘उपास’ हे वजन उतरविण्यासाठी आरंभिलेल्या व्रताचे प्रथमपुरुषी निवेदन आहे. ‘भ्रमणमंडळ’ ही चाळकऱ्यांच्या प्रवासाची हकीकत आहे. ‘गच्चीसह – झालीच पाहिजे’ हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील घोषणेचे चाळीच्या गच्चीपुरते केलेले विडंबन आहे. ‘संगीतिका’ नावाप्रमाणेच गाणारी आहे, आणि ‘काही वासऱ्या’ मध्ये निरनिराळ्या चाळकऱ्यांच्या रोजनिश्या आहेत. निवेदक बदलतो, लेखनप्रकार बदलतो. ‘उपास’ वाचण्यासाठी ‘भ्रमणमंडळ’ वाचलेले असण्याची मुळीच गरज नाही. त्रिलोकेकर, बाबा बर्वे, कोचरेकर मास्तर ही मंडळी भागाभागांतून भेटतात, पण हा झाला अनुषंग. येथवर चाळीचा निवाडा चिमणरावांसारखाच लागावयास हवा: कथा अनेक.

तरीही पुस्तक मिटताना तसे वाटत नाही. याचे कारण शेवटच्या चिंतनात आहे. तेथे विनोदाचा सूर ओसरतो, आणि चाळीच्या सरलेल्या दिवसांकडे पाहिले जाते. आतापर्यंत पार्श्वभूमी म्हणून असलेली चाळ तेथे विषय बनते. उपास, सहल, गच्चीचे आंदोलन हे सारे प्रसंग आपापल्या जागी पुरे झालेले होते. त्यांना काही कमी नव्हते. चिंतन वाचल्यावर मात्र ते सर्व प्रसंग एकाच गोष्टीचे पुरावे होतात: एकमेकांच्या आयुष्यात बिनदिक्कत डोकावणाऱ्या माणसांचा एक समाज होता, आणि तो सरत आहे. उपासाच्या काळात सारी चाळ सल्ला देण्यास धावते, ही पहिल्या वाचनात हसण्याची गोष्ट असते. चिंतनानंतर तीच गोष्ट हानीच्या हिशेबात जमा होते. प्रसंग तोच राहिला, शब्द तेच राहिले. अर्थ मात्र बदलला. वर साकांक्षतेची जी परीक्षा सांगितली, ती येथे उलट दिशेने पुरी होते. आरंभीच्या भागांना शेवटाची अपेक्षा नव्हती; शेवट आल्यावर मात्र ते त्याचे अंग झाले.

हीच कुमारिलाची महावाक्याची कल्पना होय. घटक पुरे आहेत आणि तरीही अंगे आहेत. येथे अंगी म्हणजे मुख्य भाग शेवटचे चिंतन, आणि बाकीची प्रकरणे त्याची अंगे. या रचनेची दोन लक्षणे सांगता येतात. पहिले, मधल्या प्रकरणांचा क्रम बदलला तरी फारसे बिघडत नाही, परंतु शेवटचे प्रकरण मध्ये आणता येत नाही. दुसरे, मधले एखादे प्रकरण गाळले तर कृती लहान होते, पण मोडत नाही. शेवटचे गाळले तर उरलेले सर्व भाग पूर्ण राहतात, पण एक कृती राहत नाही. १९६१ पासून पु. लं.नी या पुस्तकाचे एकपात्री प्रयोग केले तेव्हा निवडक भागांवर प्रयोग उभा राहू शकला, तो या रचनेमुळेच. एकच नट सर्व पात्रे उभी करतो म्हणून तो प्रयोग एक झाला, असे समजणे मात्र चूक होय. नटाचे एकत्व हे पात्रांच्या एकत्वासारखेच बाह्य आहे.

दूरचित्रवाणीवर या रचनेचे उदाहरण शोधावयाचे तर ते १९८५ सालच्या ‘विक्रम और वेताल’ या मालिकेच्या मूळ आधारात सापडते. वेताळपंचविशीतील प्रत्येक गोष्ट स्वयंपूर्ण आहे. राजा उत्तर देतो, मौन मोडते, वेताळ पुन्हा झाडावर जातो. केवळ या चौकटीने गोष्टी एक होत नाहीत. चौकट हाही एक प्रकारचा अनुषंगच आहे. परंतु अखेरच्या कोड्याला राजापाशी उत्तर नसते, तो गप्प राहतो, आणि त्या मौनाने साखळी तुटते. आधीची सर्व उत्तरे ही राजाच्या ज्ञानाची साक्ष होती. त्याच्या न संपणाऱ्या फेऱ्यांचे कारणही तीच होती, हे त्या मौनामुळे कळते. येथेही शेवटाने आधीच्या पुऱ्या गोष्टींना अंगे बनविले.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की शेवटी एखादा हळवा भाग जोडला म्हणजे कोणतीही मालिका एक कथा होईल. मग या निकषाला अर्थ काय? याचे उत्तर असे, की स्मरण आणि एकवाक्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या भागात जुन्या दृश्यांची उजळणी केली आणि पात्रांचे डोळे पाणावले, म्हणजे मागील भाग अंगे झाले असे होत नाही. मागील भागांत जे होते त्याचा अर्थ पालटला पाहिजे, आणि तो पालटण्याची सामग्री त्या भागांतच असली पाहिजे. चाळकऱ्यांची परस्परांतील ढवळाढवळ हा सर्व प्रकरणांचा कणा होता, म्हणून चिंतनाला त्यावर बोट ठेवता आले. ती सामग्री नसती, तर चिंतन हा आणखी एक सुटा लेख झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बहुसंख्य प्रेक्षक मालिका पूर्ण पाहत नाहीत. कोणी चार भाग पाहतो, कोणी मधूनच सुरुवात करतो. त्यांच्यासाठी जे एक नाही, ते समीक्षकाने एक का म्हणावे? परंतु कृतीचे एकत्व आणि तिच्या उपभोगाचे एकत्व यांत फरक केला पाहिजे. कीर्तनकार नलोपाख्यान लावतो, तेव्हा श्रोत्यांना वनपर्वाची आठवण असण्याची गरज नसते. नलदमयंतीची कथा स्वतःच्या बळावर उभी आहे. तरीही महाभारतात ती द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी सांगतो, आणि त्या जागी तिला एक अधिक अर्थ आहे. कीर्तनाच्या श्रोत्याने पूर्ण गोष्ट ऐकली. वनपर्वाच्या वाचकाने पूर्ण गोष्ट वाचलीच, शिवाय ती जिचे अंग आहे ती मोठी गोष्टही वाचली. दोघेही बरोबर आहेत. पूर्ण घटकांच्या एकवाक्यतेचे हेच वैशिष्ट्य आहे, की ती सुट्या उपभोगाला आड येत नाही.

गिरगावच्या चाळीची वास्तूही याच तऱ्हेची आहे. प्रत्येक खोलीत एक पुरे बिऱ्हाड, स्वतःची चूल, स्वतःचे देव. एक जिना, एक सामायिक सज्जा आणि एक मालक यांनी ती बिऱ्हाडे एका छपराखाली आली. पण हे झाले बाह्य एकत्व. खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ साली मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, असे मानले जाते. उत्सवात तीच पुरी बिऱ्हाडे एका कार्याची अंगे बनतात, आणि उत्सव संपला की आपापल्या दारात परत जातात. त्यांना मोजताना खोल्या अनेक म्हणणे आणि चाळ एक म्हणणे, ही दोन्ही विधाने खरी आहेत; मात्र ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, ‘एक की अनेक’ या प्रश्नाला दोन नव्हे, तर चार उत्तरे आहेत. भाग साकांक्ष असून प्रयोजन एक असेल, तर कथा एक. क्रमशः आलेली कादंबरी हे त्याचे उदाहरण. भाग निरपेक्ष असून केवळ सामायिक पात्रांनी जोडलेले असतील, तर कथा अनेक. चिमणराव हे त्याचे उदाहरण. भाग जिज्ञासेने जोडलेले पण प्रयोजन खंडित असेल, तर मोजणीचा घटक ना भाग, ना मालिका. मधल्या उपकथा हाच घटक. आणि भाग निरपेक्ष असूनही शेवटाने त्यांना अंगे केले असेल, तर कथा अनेक असूनही कृती एक; ‘बटाट्याची चाळ’ हे त्याचे उदाहरण.

दुसरा निष्कर्ष असा, की चौथ्या प्रकाराचा निर्णय मालिका संपेपर्यंत देता येत नाही. चालू मालिकेवर लिहिणाऱ्या समीक्षकाने हे भान ठेवले पाहिजे. पंचवीस सुटे भाग पाहून ‘ही केवळ सुट्या प्रसंगांची माळ आहे’ असा निवाडा दिला, आणि सव्विसाव्या भागाने त्या सर्वांचा अर्थ पालटला, तर चूक मालिकेची नव्हे. तसेच, लोकप्रियतेमुळे लांबविली गेलेली मालिका आपला शेवट पुढे ढकलते, तेव्हा ती केवळ लांबट होते असे नाही. जे अंग होऊ शकले असते ते सुटेच राहते. लांबणीने होणारी खरी हानी ही आहे.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकाच्या आणि संग्राहकाच्या कामाचा आहे. सुट्या कथांच्या मालिकेतील एक भाग जतन झाला, तर एक पूर्ण कृती जतन झाली. पूर्ण घटकांच्या महावाक्याचा एखादा मधला भाग जतन झाला, तर एक चांगली कथा हाती आली, पण तिचा अर्धा अर्थ गेला. आणि शेवट हरवला, तर उरलेल्या भागांना आपण कशाची अंगे होतो हे सांगणारा कोणी उरत नाही. म्हणून जुन्या मालिकांचे जतन करताना निवड करण्याची वेळ आलीच, तर सर्वांत लोकप्रिय भागाआधी शेवटच्या भागाचा विचार व्हावा. गिरगावातील कितीतरी चाळी पडून तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या चाळींतील एखाद्या खोलीचे छायाचित्र कोणाच्या तरी घरी सापडते, आणि ते खोलीचे छायाचित्र म्हणून पुरेही असते. ती खोली कोणत्या चाळीची होती हे मात्र त्या छायाचित्रावरून कळत नाही.